कधी तापते, कधी नाही

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा
मी व्हॅनमध्ये बसून गार पोलेंटा खात होतो.
'तापते,' ओनोरीना म्हणाली, 'मग रुसते. मग पुन्हा तापते.
ये. आणि या वेळी बिलबुक घरी ठेव.'

कार्नियाच्या वरच्या अंगाला, चौदा वळणं चढून,
जिथे नोव्हेंबरपासून ऊन
डोंगराच्या पलीकडूनच परत फिरतं,
तिथे तिचं घर.
स्वयंपाकघरात पेलेटची शेगडी, मरून रंगाची, काचेच्या दाराची,
दोन वर्षांपूर्वी मीच बसवलेली.
म्हणजे खोट निघाली तर तीही माझीच.

पहिल्या खेपेला जळणाची वाटी उपसली होती.
भोकं बुजलेली, बुडाशी खंगर.
खिळा घेऊन एकेक भोक मोकळं केलं,
धुराड्यातून बादलीभर काजळी काढली.
'आता?'
'आता बघा.'
दोन दिवस बघितलं तिने.

मग संशय गोळ्यांवर.
पाण्यात टाकल्या, तळाला गेल्या.
एक मोडली, कट्‌कन, कोरडीठाक.
दारात कागदाची पट्टी धरली, दार लावलं, ओढली.
पट्टी फाटली पण निघाली नाही.
मळसूत्र फिरतंय, पंखा फिरतोय,
रबरी नळीत फुंकून पाहिलं तर तोंडभर राख.
आनंद झाला मला त्या राखेचा!
नळी बदलली. सत्तर युरो.
रोग रेड्याला, औषध पखालीला.

या वेळी हत्यारं व्हॅनमध्येच राहिली.
'बस,' ती म्हणाली, 'नुसता बस.'
लग्नाआधी ती दरीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती.
'सगळे म्हणायचे लाइन खराब.
लाइन क्वचितच खराब असायची, पोरा.
पलीकडचा माणूस रिसीव्हर भलतीकडे धरून बसलेला असायचा.'
कॉफी कडू होती. साखर मागायचं धाडस झालं नाही.

चारला दहा मिनिटं होती.
ज्योत हातभर उंच, पिवळी, चांगल्या घरची.
आणि बघता बघता ती खाली बसली,
मेणबत्तीएवढी झाली.
माझ्या नाकाचा शेंडा म्हणत होता सोळा.
शेगडीच्या पाटीवर आकडा: एकतीस.
ओनोरीनाचा चष्मा शिवणाच्या डब्यात असतो,
तिला तो आकडा कधी दिसलाच नव्हता.

एकतीस कुणाचे?

तापमानाची वायर मीच ओढली होती,
भिंतीच्या कडेने, खिडकीखालच्या बाकापर्यंत,
शेगडीपासून लांब, म्हणजे अंदाज खरा यावा.
बाकावर घडी घातलेलं कांबळं.
कांबळ्यावर मारेशाल,
रंग नारिंगी, वजन सात किलो,
आणि त्याच्या पोटाखाली, वाटाण्याएवढा, माझा सेन्सर.

मांजर आडवं गेलं की काम होत नाही म्हणतात.
इथे ते आडवं झालं होतं.

तो निजला की शेगडीला वाटायचं उन्हाळा आला.
ती मंदावायची. खोली गारठायची.
तो कुरकुरत उठायचा, पलंगाखाली जायचा.
मणी थंड पडायचा, शेगडी खडबडून पेटायची,
खोली ऊबदार, की हा पुन्हा बाकावर.
दोघांनी मिळून हिवाळा असा हाकला होता.
आणि माझ्या दोन्ही खेपांना
व्हॅक्युमचा आवाज ऐकून हा पळालेला.
रोगी हजर, रोग फरार.

ओनोरीना हसली, खोकेपर्यंत हसली.
मग डोळे पुसून म्हणाली,
'त्याला हलवायचं नाही.'
वायर हलवली. समोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला,
कॅलेंडरशेजारी, दोन खिळ्यांवर.
नळीचे सत्तर युरो टेबलावर ठेवले.
तिने मोजून घेतले.

आठवड्याने चौथा फोन.
'शेगडी सरळ चालते. एकवीस म्हणजे एकवीस.
पण मारेशाल बाकाकडे फिरकत नाही,
दिवसभर फरशीवर ताणून पडतो, गार फरशीवर.
वेळ झाला की ये,' ती म्हणाली,
'आणि हे काय ते बघ.'